आधी मनुष्यबळ, मग मोहल्ला?

जिल्ह्याच्या गावी कायदा-सुव्यवस्थेवर बैठक भरली की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मनुष्यबळच अपुरे आहे, लोकांत मिसळायला वेळ कुठून आणायचा?’ माना डोलतात, निवेदन तयार होते, आमदार पदे मंजूर करून आणायचा शब्द देतात आणि मंडळी चहाला उठतात. वाक्य खोटे नाही. पदे रिकामी असतात, असलेली माणसे बारा-बारा तास राबतात, साप्ताहिक सुट्टी ऐनवेळी रद्द होते. तरीही आधी माणसे आणि मग लोकसंपर्क, हा क्रम मला मान्य नाही.

पोलीस ठाण्यात सकाळच्या हजेरीला उभे राहून पाहा. हजेरी मेजर नावे वाचत जातो : दोघे कोर्टात, एक समन्स-वॉरंट घेऊन खेड्यांवर, दोघे आरोपीसोबत सिव्हिल हॉस्पिटलात, एक मुद्देमालाला, एक संगणकावर, 112च्या गाडीवर दोघे. 1 जुलै 2024पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हापासून झडतीचे चित्रीकरणही गळ्यात पडले. त्यात मंत्र्यांचा दौरा निघाला, की उरलेसुरले सगळे हेलिपॅडवर. फळ्यावर ज्याच्या नावापुढे ‘बीट अंमलदार’, म्हणजे एका ठरावीक वस्तीचा पोलीस, असे रंगवले आहे, तोही तिथेच उन्हात उभा असतो.

आता पदवाढीचा हिशेब करू. एक जागा चोवीस तास सांभाळायची तर आठवड्याला आठ तासांच्या 21 पाळ्या होतात. एक माणूस सहा करतो, म्हणजे साडेतीन माणसे लागली. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले तर चारांच्या पुढेच. वीस नव्या पदांचा गुलाल उधळला तरी कुठल्याही एका क्षणी शहराला पाचाहून कमीच पोलीस जास्त मिळतात. आणि त्यांची वाटणी तोच हजेरी मेजर, त्याच क्रमाने करतो : बंदोबस्त पहिला, बीट शेवटी. निव्वळ संख्येवर भिस्त ठेवणाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा 1972-73चा प्रयोगही पाहावा. काही भागांत गाड्यांची नेहमीची गस्त थांबवली, काही भागांत दुप्पट-तिप्पट केली. गुन्ह्यांच्या प्रमाणात म्हणण्याजोगा फरक पडला नाही.

आपल्याकडचा दाखला भिवंडीचा. 1970 आणि 1984 अशा दोन मोठ्या दंगली पाहिलेले हे यंत्रमागांचे शहर. 1988 साली उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांची माणसे आणि त्या भागाचा पोलीस एकत्र बसू लागले. विषय नेहमीचेच : गटार, नळावरची भांडणे, पोरांची टवाळखोरी. अशा बैठकांत पोलिसाला वस्ती कळते आणि वस्तीला पोलीस. डिसेंबर 1992मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. श्रेय केवळ समित्यांचे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण त्यांना वगळून ती शांतता समजत नाही.

याच भिवंडीत जुलै 2006मध्ये काय झाले? कब्रस्तानालगत पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला. पोलीस गोळीबारात दोघे गेले, जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस शिपाई मारले गेले. वाद होता तो नव्या पोलीस ठाण्याचा, म्हणजे अधिक पोलीस व्यवस्थेचाच.

दुसऱ्या बाजूचे भक्तही मला तितकेच खटकतात. गणपतीच्या आधी आठ दिवस शांतता समितीची बैठक घ्यायची, तेच ते माजी नगरसेवक पहिल्या रांगेत बसवायचे, फोटो काढायचा आणि याला लोकाभिमुख पोलिसिंग म्हणायचे, हा निव्वळ देखावा आहे. उत्साही तरुणांना शिट्टी आणि ओळखपत्र देऊन रिकाम्या पदांची भरपाई करणे तर धोक्याचेच. ते ओळखपत्र नाक्यावर कसे मिरवले जाते, हे पानटपरीवाल्याला विचारा.

मग करायचे काय? बीट अंमलदार हेलिपॅडवरून परत आणायचा. एक वस्ती, एक माणूस, निदान तीन वर्षे. निवडणूक आणि मोठे सण सोडून त्याला बंदोबस्ताला हात लावायचा नाही. ‘मग हप्ते सुरू होतील,’ अशी शंका लगेच येते. हप्ता घेणाऱ्याला गिऱ्हाईक शोधायला तीन वर्षे लागत नाहीत, पहिला आठवडा पुरतो. वेळ लागतो तो सरळ माणसाला : कुठल्या घरातली बाई मार खाऊनही तक्रार देत नाही, कुठल्या गल्लीत व्याजाने पैसे फिरतात, हे कळायला.

त्यासाठी माणसे कुठून, याचे थोडे उत्तर देवनारने दिले आहे. 2016 साली मुंबईच्या या पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. वेळापत्रक तिथल्याच एका अंमलदाराने आखले आणि आयुक्त दत्ता पडसळगीकर यांनी ते उचलून धरले. कामाची मांडणी बदलायला दरवेळी नवी भरती लागत नाही, इतके त्यातून दिसले. भरती हवीच, रिकामी पदे भरू नयेत असे कोण म्हणतो? फक्त पदवाढीचा प्रस्ताव मुंबईला धाडताना सोबत आणखी एक आकडा जोडावा : गेल्या वर्षी प्रत्येक बीट अंमलदार आपल्या बीटमध्ये प्रत्यक्षात किती दिवस होता? स्टेशन डायरी चाळली तर तो निघतो. ठाण्याने दिला नाही, तर माहिती अधिकाराचा एक अर्ज करावा. त्याला आमदार लागत नाही.