परसातला कोबा आणि दारातलं गटार

गेल्या सात-आठ वर्षांत आपल्या सातारा जिल्ह्यात एक पीक फार जोमाने वाढले आहे. त्याला खत लागत नाही, पाणी लागत नाही, कीड तर जवळसुद्धा फिरकत नाही. त्या पिकाचे नाव कोबा. पूर्वेला माण-खटावात जा, नाहीतर पश्चिमेला जावळी-पाटणात जा, नवीन घर झाले की पुढचे अंगण आणि मागचे परस दोन्ही एकाच दमात सिमेंटने बंद होतात. घरकुल असो की बंगला, त्यात फरक नाही. कंपाऊंडची भिंत, तिच्या आत कोबा आणि कोपऱ्यात एका कुंडीत तुळस. झाले परस!

कोबा करणाऱ्याला नावे ठेवायला मी बसलेलो नाही. खटाव तालुक्यात एका मावशींना मी सरळ विचारले, की मागची केळ का काढली? त्या म्हणाल्या, “साहेब, पावसाळ्यात चिखल हुतो, लेकरं घसरत्यात. इच्चू-काट्याचं भ्या. आता झाडू मारला की झालं.” यात खोटे काय आहे? दिवसभर रानात राबून आलेल्या बाईला परसात पुन्हा चिखल तुडवायला सांगणारे आपण कोण? तेव्हा कोब्याला कारण आहे, हे आधी मान्य करू. पण त्या कोब्याची किंमत काय पडते, हा हिशोब कुणी मांडत नाही. तो आज मांडायचा आहे.

हिशोब पाण्यापासून धरू. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ला झाली आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने द्यायचे ठरले. पाच माणसांच्या घराला हे झाले २७५ लिटर. आता तुम्ही म्हणाल, साहेब, कागदावरचे पाणी आम्हाला नका सांगू, आमच्याकडे एक दिवसाआड येते, उन्हाळ्यात तर टँकरची वाट बघावी लागते. कबूल. आपण निम्म्याहून कमी धरू. तरी आंघोळ, भांडी आणि धुणे मिळून शंभर लिटर सांडपाणी घराबाहेर जातेच. महिन्याचे झाले तीन हजार लिटर. पूर्वी घागरी डोक्यावरून आणायच्या तेव्हा एवढे सांडपाणी नव्हते, आणि जे होते ते परसातली जमीन पिऊन टाकायची. आता पाणी वाढले आणि ते पिणारी जमीन झाकली गेली. मग पाणी जाणार कुठे? रस्त्याकडेच्या गटारात. गटाराला उतार नसला की ते शाळेसमोर नाहीतर देवळामागे तुंबते. डेंग्यूचा डास घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो हे खरे, पण संध्याकाळी दारात बसू न देणारा क्यूलेक्स डास या घाण पाण्यातच वाढतो. ज्या पाण्यावर दोन केळी, एक पपई आणि अळवाचे आळे आरामात जगले असते, त्या पाण्यावर आपण डास पोसतो आणि धुराची फवारणी करा म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्ज करतो.

जुने परस बघा. त्याला आपण बाग म्हणतो, पण तो शौक नव्हता. न्हाणीचे पाणी जिथे बाहेर पडते तिथे पहिली कर्दळ. तिच्या मागे केळ, केळीच्या सावलीत अळू. वडीचे काळ्या देठाचे वेगळे आणि फतफत्याचे वेगळे. ही सगळी पाणपिशी झाडे, म्हणून पाण्याच्या तोंडाशी. तिथून पुढे ओल कमी होत गेली की कढीपत्ता, मग लिंबू, आणि अगदी कडेला, जिथे पाणी पोचत नाही तिथे शेवगा. भिंतीला टेकून भोपळ्याचा नाहीतर घेवड्याचा वेल. कोणत्या झाडाला किती पाणी, हे आमच्या पदविकेच्या पुस्तकात होते. आपल्या आज्यांना ते पुस्तकाशिवाय माहीत होते. गंमत अशी, की पपई, पेरू, सीताफळ ही आज गावरान वाटणारी झाडे मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आले त्या काळात ती इकडे आली आणि आपल्या परसात अशी रुळली, की आता ती परकी आहेत म्हटले तर माणूस भांडायला उठेल. उष्ण कटिबंधातली झाडे ती, आपले ऊन त्यांना मानवते.

यात एक बदल मात्र झाला आहे आणि तो ध्यानात घेतल्याशिवाय जुनी परसबाग जशीच्या तशी आज लावता येणार नाही. पूर्वी भांडी राखेने घासत, आता पावडर आणि साबण. कपड्याच्या पावडरीत सोडा असतो. आपल्या काळ्या जमिनीत हे पाणी वर्षानुवर्षे एकाच जागी मुरले की जमीन चोपण होते, पाणी वरच साचते. असल्या जागी लिंबू लावला तर त्याची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बाई म्हणते, “झाडाला दृष्ट लागली.” दृष्ट कसली, ती सोड्याची बाधा! म्हणून धुण्याचे पाणी कर्दळीला आणि केळीला सोडा, आंघोळीचे आणि भाज्या-तांदूळ धुतल्याचे पाणी बाकीच्या झाडांना. पाणी बाहेर पडते तिथे हात-दीड हात खोल खड्डा घेऊन विटांचे तुकडे आणि वर वाळू भरली तर साबणाचा फेस आणि खरकटे तिथेच अडते. वर्षातून एकदा ती वाळू बदलायची, आळ्यात दोन पाट्या शेणखत टाकायचे. पालेभाजीच्या पानांवर सांडपाणी कधी पडू देऊ नका. संडासाचे पाणी यात मिसळू नका. आणि हे मुरवण घराच्या पायापासून पाच-सहा फूट आणि आड किंवा हातपंपापासून पन्नास फूट तरी लांब ठेवा.

आता शेवगा. या झाडाबद्दल मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण आपल्याकडे त्याची शेंग विकतात आणि पाला शेळीला घालतात. शेळी धष्टपुष्ट होते आणि घरातली सून फिकट राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. शंभरातल्या पन्नासांहून जास्त बायका! आणि शेवग्याच्या पाल्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व तयार करणारा घटक भरपूर आहे. कोकणात गोकुळाष्टमीला या पाल्याची भाजी आवर्जून करतात. घाट चढून वर आले की ती चाल संपते. कोवळा पाला पिठल्यात टाका, डाळीत टाका, थालीपिठात मळा, आणि पानात लिंबाची फोड घ्या. लिंबाच्या आंबटाने पाल्यातले लोह अंगी लागते, जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते. म्हणून जुन्या परसात शेवगा आणि लिंबू दोन्ही असत, ते काही वाईट नव्हते. अर्थात पाला म्हणजे औषध नव्हे. आशाताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चालूच ठेवायच्या.

दारात शेवगा नको, असे काही घरांत म्हणतात. त्यामागे मला दोन कारणे दिसतात. एक म्हणजे लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडून कौलावर पडते. दुसरे म्हणजे पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात, अंगाला लागल्या की आग होते. दोन्हींवर इलाज एकच, झाड उंच जाऊ देऊ नका. रोप तीन फुटांचे झाले की शेंडा खुडा. फांद्या फुटल्या की त्यांचेही शेंडे खुडा. शेंगांचा बहर संपला की कमरेएवढे ठेवून छाटा. मग पाला हाताला येतो, शेंग हाताला येते आणि अळ्यांचा पुंजका दिसला तर जळत्या टेंभ्याने किंवा साबणाच्या पाण्याने जागेवर संपवता येतो. दापोलीच्या विद्यापीठाचे कोकण रुचिरा किंवा तमिळनाडूतले पीकेएम १, दोन्ही वाण चांगले. पण शेजारणीच्या चांगल्या झाडाची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर लावलीत तर तीही धरते आणि पैसा पडत नाही.

पपईची एक खोड आहे. देशी वाणात नर-मादी झाडे वेगळी असतात आणि फूल येईपर्यंत ओळखता येत नाहीत. एकच रोप लावले, ते नर निघाले, तर वर्ष गेले. म्हणून एका आळ्यात तीन रोपे लावा, फुलावर आली की नर उपटून मादी ठेवा. आणि पपईच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, दोन दिवस पाण्यात उभी राहिली तर बुंधा सडतो. तिला उंचवट्यावरच जागा द्या.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, सरकार परसबागेचा कार्यक्रम राबवतेच की. राबवते. उमेद अभियानातल्या बचत गटांनी काही गावांत पोषण परसबागा खरोखर चांगल्या केल्या आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, ती गावरान बियाणे सांभाळल्याबद्दल. परसातल्या घेवड्या-वालांचे मोल त्यामुळे शहरालाही कळले. पण अनेक ठिकाणी आमच्या खात्यासकट सगळ्यांचा कार्यक्रम कसा होतो? जूनमध्ये बियाण्यांची पाकिटे वाटायची, मेथी, पालक, मुळा, भेंडी. गोल वाफे आखायचे, फलक लावायचा, फोटो काढायचा. दिवाळीनंतर त्या गावात जाऊन बघा, वाफ्यात गवत आणि फलकावर कोंबडी. दोष त्या बाईचा नाही. मेथीचा वाफा दर महिन्याला नव्याने पेरावा लागतो, खुरपावा लागतो. सकाळी नऊला रानात जाऊन सहाला परत येणाऱ्या बाईने तो कधी खुरपायचा? परसबागेच्या नावाखाली तिच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवायचे आणि वर पोषणावर भाषण करायचे, हे मला पटत नाही.

माझे स्पष्ट मत असे, की परसात आधी उभी राहणारी झाडे हवीत. एकदा लावले की वर्षानुवर्षे देणारी. केळ, शेवगा, कढीपत्ता, लिंबू, अळू. पालेभाजीचा वाफा हौस आणि वेळ असेल तर. या झाडांना बाईचा वेळ कमी लागतो आणि त्यातून चार पैसेही सुटतात. सत्यनारायणाला केळीचे खांब, श्रावणात पाने, हाटेलवाल्याला कढीपत्ता, बाजाराला शेंग. रक्कम मोठी नसते. पण ऊसाचे बिल घरधन्याच्या खात्यावर जमा होते आणि शेवग्याच्या शेंगेचे पैसे तिच्या पदराच्या गाठीला राहतात. कोबा केला की ती गाठही सुटली. हे नुकसान कुठल्या पंचनाम्यात येत नाही.

आणखी एक. आठवडे बाजारात टेम्पोतून रोपे येतात. ॲव्होकॅडो, थायलंडचा आंबा, ड्रॅगन फ्रूट, एवढेच काय सफरचंदसुद्धा! पन्नास-शंभर रुपयांचे रोप अडीचशेला घेऊन बाया घरी जातात. ड्रॅगन फ्रूट काही वाईट पीक नाही, पण ते खांबावर, रानात. न्हाणीच्या ओलीत त्याचा बुंधा सडायला वेळ लागत नाही. परसाला लागणारे जवळजवळ सगळे गावातच फुकट मिळते. केळीचा मुनवा, कढीपत्त्याच्या मुळाला फुटलेले रोप, अळवाचा गड्डा. मागायची लाज वाटू देऊ नका.

ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांनाही सांगणे आहे. गटाराच्या कामाचे अंदाजपत्रक करताना प्रत्येक घराचे पाणी गटाराला जोडलेच पाहिजे असा हट्ट का? ज्यांच्या मागे पाच फूट माती आहे त्यांचे पाणी तिथेच मुरू द्या, गटार लहान लागेल आणि कमी तुंबेल. रोजगार हमीतून गावोगाव शोषखड्डे झाले ते ठीक, पण नुसत्या खड्ड्यात पाणी मुरवण्यापेक्षा त्याच्या कडेला चार केळी लावायला काय हरकत होती?

ज्यांचा कोबा झाला आहे त्यांनी सगळा उखडू नये. चालायला-फिरायला, वाळवण घालायला तो राहू द्या. न्हाणीच्या पाइपाजवळ, भिंतीपासून सहा फुटांवर, चार बाय चारचा एक चौकोन तेवढा फोडा. पहारीने एका गड्याचा अर्धा दिवस जातो. चौकोनाच्या कडेने एक वीट उभी लावा म्हणजे चिखल बाहेर येणार नाही. खालची मुरूम-डबर काढून दोन-अडीच फूट खोल खड्डा मे महिन्यात तापू द्या. मग रानातली माती आणि शेणखत निम्मेनिम्मे भरा. पहिला चांगला पाऊस झाला की शेजारून केळीचा तलवारीसारख्या पात्याचा मुनवा आणा, रुंद पानांचा नको. पुढे बुंध्याशी जे मुनवे फुटतील त्यांतला एकच ठेवा, बाकीचे काढून ज्यांनी चौकोन फोडला आहे त्यांना द्या.