दूध गवळ्याचं की पाकिटाचं?

मैत्रिणींनो, अमरावती असो की अकोला, दोघी-चौघी दुधावर बोलायला लागल्या की वाद ठरलेलाच. एक म्हणते, "गवळ्याचंच दूध खरं, बोटभर साय येते." दुसरी म्हणते, "पाकिटाचंच बरं बाई, गवळी पाणी किती घालतो कोणास ठाऊक!" हल्ली तिसरीही भेटते. ती सांगते, "तापवूच नका. देशी गाईचं धारोष्ण दूध प्या, तापवलं की सत्त्व जातं." पहिल्या दोघींचा वाद आवडीनिवडीचा आहे. तिसरीचं म्हणणं मात्र मला धोक्याचं वाटतं.

पाकिटावर 'पाश्चराइज्ड' असं छापलेलं असतं. आपण तारीख आणि भाव तेवढा पाहतो. फ्रान्सचे शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात वाइन नासू नये म्हणून ती बेताची तापवण्याची रीत शोधली. पुढे तीच दुधाला लागू झाली. दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवायचं आणि लगेच थंड करायचं. त्यात रोगजंतू मरतात, पण दूध नासवणारे काही जंतू उरतात. म्हणून पाकीट थंडच ठेवावं लागतं. खोक्यातलं दूध १३५ अंशांच्या वर दोन-चार सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरतात. ते न फोडता काही महिने फ्रिजबाहेर टिकतं. फोडलं की फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावं.

मग सत्त्व जातं का? कॅल्शियम आणि प्रथिनं तापवल्यानं फारशी कमी होत नाहीत. काही ब जीवनसत्त्वं थोडी घटतात. क जीवनसत्त्वही घटतं, पण ते दुधात मुळातच कमी असतं. त्यासाठी वरणावर लिंबू पिळावं!

कच्च्या दुधातून मात्र क्षय, हगवण आणि ब्रुसेलोसिससारखे आजार येऊ शकतात. खेड्यात आपण म्हणतो, "गाय गाभडली." त्याचं एक कारण हा ब्रुसेलोसिस असतो. त्याचे जंतू दुधात उतरतात आणि धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या दुधातही असू शकतात. माणसाला मग येऊन-जाऊन ताप, घाम, सांधेदुखी लागते. गरोदर बाईला तर गर्भपाताचा धोका असतो. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना याची लस देण्याचं ठरलं. ज्यांच्या दारात जनावर आहे, त्यांनी ती टोचून घ्यावी. गाय-म्हैस व्याली की वार उचलणं, गोठा धुणं हे काम बहुतेक घरी बाईच्याच वाट्याला येतं. ते उघड्या हातांनी करू नये.

आणि परंपरेचंच म्हणाल, तर आपल्या आज्या तरी कुठे कच्चं दूध वाढत होत्या? गोवऱ्यांच्या मंद आचेवर त्यांचं दूध तापत असायचं. चिकाचा खरवससुद्धा आपण वाफवूनच खातो.

आपल्याकडचा खरा शत्रू ऊन आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपार जातो. सतत थंड राहिलेलं पाकिटाचं दूध पुन्हा उकळायची खरं तर गरज नसते. पण दुकानासमोरच्या क्रेटमध्ये ते किती वेळ पडलं होतं, रात्री लाइट किती वेळ गेली होती, हे आपल्याला कोण सांगणार? म्हणून माझं मत असं, की इथे पाकिटाचं दूधही आणल्या आणल्या एकदा उकळावं. मग गंज पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. दिवसातून चार-चारदा उकळू नये, लागेल तेवढंच गरम करावं. सकाळचं दूध संध्याकाळच्या दुधात मिसळू नये. फ्रिज नसेल तर दोन्ही वेळचं थोडं थोडं घ्यावं.

'टोन्ड' म्हणजे भेसळ, हाही गैरसमजच. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३ टक्के. म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून ते अधिक घरांना परवडेल असं करायचं, ही युक्ती मुंबईत दारा खुरोडी यांनी १९४० च्या दशकात काढली. वाढत्या वयाच्या लेकरांना घट्ट दूध द्या. डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितलेल्यांना टोन्ड चालेल.

गवळी सोडा, असं मी मुळीच म्हणत नाही. पूर्णाकाठची भुरी पूर्णाथडी म्हैस ही आपल्या वऱ्हाडाची दौलत आहे. तिचं दूध विकलं गेलं, तरच ती टिकेल. फक्त दूध कधी काढलं, कॅन धुतला का, हे विचारायला लाजू नका. दुधातलं पाणी आणि युरिया उकळून जात नाही, म्हणून माणूस ओळखीचा हवा.

दूध कोणतंही घ्या बाई, पण तापवून घ्या. आणि सगळ्यांचे पेले भरून झाल्यावर उरलं तर चहापुरतं आपलं, ही सवय मात्र आता सोडा. जी रोज दूध तापवते, तिचाही एक पेला त्यात असायला हवा. पटतंय ना?