सुयांच्या सोबतीने : बोहारणीच्या गाठोड्यातला पदर

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंनी त्यांची जुनी इरकल बोहारणीसाठी बाजूला काढली. साडीचे अंग पार विरले होते, पदर मात्र शाबूत होता. स्टीलच्या पातेल्यावर सौदा ठरला. साडी गाठोड्यात जाणार, इतक्यात मी ती मागून घेतली.

“अगं, फाटकी साडी घेऊन काय करणार?” सासूबाईंनी विचारले.

उत्तर माझ्याजवळही नव्हते. चंदीगडच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलासाठी स्वेटर विणायचा होता आणि पुस्तकातल्या त्याच त्या नमुन्यांचा कंटाळा आला होता, एवढेच.

इरकल ही कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावची. तिच्या अंगाचे आणि रेशमी पदराचे उभे धागे वेगवेगळे असतात. विणकर फासे घालून ते जोडतात. लाल पदरावर पांढऱ्या रंगात कंगवा, किल्ल्याचा तट, ज्वारीचे कणीस अशा आकृत्या असतात. दोनच रंग आणि पायऱ्यापायऱ्यांच्या रेघा! मैत्रिणींनो, दुरंगी विणकामाला याहून सोयीचे काय असणार? स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फेअर आयल बेटावरच्या बायकाही एका ओळीत दोनच रंग घेऊन विणत. 1922 च्या सुमारास ब्रिटनच्या युवराजांनी गोल्फ खेळताना तसा स्वेटर घातला आणि त्याची फॅशनच झाली.

मी तटाची आकृती चौकटीच्या कागदावर उतरवली आणि उत्साहाने विणायला बसले. सुट्टीत आलेल्या मुलाने स्वेटर घालून पाहिला, तर तो छातीवरच अडकला! शिवाय आकृती बसकी दिसत होती. नक्षीपर्यंत सगळा उसवला.

चुका दोन होत्या. माझ्या विणीत 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके आणि 30 ओळी बसतात. म्हणजे टाका रुंदीला जास्त, उंचीला कमी. कागदावरची 22 घरे रुंद आणि 22 घरे उंच आकृती लोकरीत बसकीच होणार. ती चौरस हवी तर 30 ओळींची करावी. म्हणून आधी छोटा तुकडा विणून मोजावा.

दुसरी चूक मागच्या धाग्याची. न विणायचा रंग पाठीमागून नेताना मी ओढून धरला, त्यामुळे वीण आवळली. रंग बदलण्यापूर्वी उजव्या सुईवरचे टाके नीट पसरून घ्यावेत. धागा पाच टाक्यांहून लांब जात असेल तर मध्येच त्याला चालू धाग्याचा एक पीळ द्यावा, नाहीतर घालताना बोटे अडकतात. नक्षीच्या पट्ट्यापुरती थोडी जाड सुई घ्यावी.

दुसऱ्या खेपेस स्वेटर अंगाला बरोबर बसला. निघताना मुलगा आजीच्या पाया पडायला वाकला. सासूबाईंचा हात नक्षीवर थांबला. “अरे, हा तर माझा पदर! तुझ्या बाबांच्या बारशाला नेसले होते मी ही साडी.”

हे मला लग्नाला इतकी वर्षे होऊनही ठाऊक नव्हते. विचारलेच नव्हते कधी.

पातेल्यासाठी मात्र ह्यांच्या दोन पँटी द्याव्या लागल्या. त्यांचा शोध अजून चालू आहे!