धीराचा उपदेश आणि गोळीची लाज

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त विखुरलेल्या आपल्या समाजात मधुमेहाला डॉक्टर औषध देतो, रक्तदाबालाही डॉक्टरच औषध देतो. परंतु जीव घाबरा होण्याच्या विकारावर मात्र ज्याला त्याला औषध ठाऊक असते आणि ते एकच असते : ‘मन खंबीर करा.’ हे औषध साहेब हाताखालच्या माणसाला देतात, थोरले बंधू धाकट्याला देतात आणि मंडळाच्या गणेशोत्सवात शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ पाच मिनिटांच्या ओळखीवर देऊन मोकळे होतात. त्याला पैसा पडत नाही. त्याने गुण येत नाही आणि गुण न आल्यास दोष औषधाचा न ठरता रोग्याचा ठरतो. देणाऱ्याच्या दृष्टीने इतके सोयीचे औषध दुसरे नसेल. प्रस्तुत लेख म्हणजे या औषधाविरुद्ध गुदरलेली तक्रार आहे.

तक्रारदाराने आपला संबंध आधी स्पष्ट करावा, अशी कचेरीची रीत आहे. मी केंद्र सरकारच्या सेवेतील एक कारकून. बदलीने कुंभकोणमला आलो त्याला तिसरे वर्ष चालू आहे. राहतो जवळच्या इन्नंबूर गावी. गेले चौदा महिने मी रोज सकाळी एक गोळी घेतो. वैद्यकशास्त्र तिची गणना नैराश्यावरील औषधांत करते. माझा विकार मात्र सततच्या चिंतेचा व भीतीच्या झटक्यांचा आहे. हे सांगण्यात मला शौर्य वाटत नाही आणि शरमही वाटत नाही. परंतु माझ्यासारखी गोळी घेणारे आपल्यांत आणखी पुष्कळ आहेत आणि ते ती कपाटाच्या मागच्या खणात ठेवतात, हे मला पक्के ठाऊक आहे. रक्तदाबाची गोळी जेवणाच्या ताटाशेजारी उघडी पडलेली असते. पाहुण्यांसमोर ती घेण्यात एक प्रकारची प्रतिष्ठाही असते. मग या दुसऱ्या गोळीने काय पाप केले आहे?

उपदेश करणाऱ्यांचा पहिला समज असा की, हा विकार म्हणजे अति विचार करण्याची खोड. वस्तुस्थिती निराळी आहे. भीतीचा झटका येतो तेव्हा मनुष्य विचार करीत नसतोच. कारण नसताना छाती धडधडू लागते, श्वास पुरत नाही, हातपाय थरथरतात, घाम फुटतो, आणि आपण या क्षणी मरणार किंवा आपली शुद्ध हरपणार अशी खात्री पटते. बहुधा दहा मिनिटांच्या आत हा प्रकार शिगेला पोहोचतो व मग ओसरतो. वाघ समोर उभा राहिल्यावर पळण्यासाठी शरीरात जी सिद्धता होते तीच ही. फक्त वाघ नसतो. हृदयाचा आलेख काढतात, थायरॉईडची व रक्ताची तपासणी होते, आणि ती व्हावयासच हवी. सर्व काही ठीक निघाले की घरचे म्हणतात, “काही झालेले नाही.” येथेच अन्याय सुरू होतो. हृदयाला काही झालेले नाही, एवढाच त्या आलेखाचा अर्थ. माणसाला काही झालेले नाही, असे त्यावर कोठेही लिहिलेले नसते.

पुढे झटक्यापेक्षा झटक्याची धास्ती मोठी होते. गर्दीची बस टाळावी, रांगेत उभे राहू नये, तपासणीच्या बैठकीत दाराजवळची खुर्ची धरावी, अशा एकेक सवलती मनुष्य स्वतःला देऊ लागतो आणि त्याचे जग हळूहळू लहान होते. काही जणांचे ते घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबते.

मी राहतो त्या इन्नंबूरचे शिवमंदिर तेवाराच्या स्तोत्रांत गायिलेल्या स्थानांपैकी एक आहे. येथल्या देवाला तमिळमध्ये ‘एळुत्तरिनाथर’ म्हणतात, म्हणजे अक्षरे जाणणारा स्वामी. संस्कृतात तो अक्षरपुरीश्वर. लहान मुलांना अक्षरओळखीपूर्वी येथे आणतात. त्याची कथा आम्हा कारकुनांना विशेष जवळची आहे. देवळाच्या हिशेबनिसाला चोळ राजाने हिशेब दाखवावयास सांगितले. राजाच्या मनात संशय आल्याचे पाहून तो बिचारा भयभीत झाला व त्याने देवाचा धावा केला. तेव्हा देव स्वतः त्या हिशेबनिसाचे रूप घेऊन राजापुढे गेला आणि हिशेब समजावून देऊन आला. कथेतल्या देवाने ‘अरे, एवढ्याने काय घाबरतोस, मन खंबीर कर,’ असे व्याख्यान दिले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. घाबरलेल्या माणसाला प्रथम मदत द्यावयाची असते, शिकवण मागाहून. एवढे शहाणपण त्या कथाकाराला होते.

आता औषधाविषयी. १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी इमिप्रामिन हे द्रव्य नैराश्यावर उपयोगी पडते असे प्रसिद्ध केले. पुढे १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत डोनाल्ड क्लाइन यांनी तेच औषध, साध्या शामक औषधांनी ज्यांना आराम पडत नव्हता अशा भयग्रस्त रोग्यांना देऊन पाहिले. रोगी सांगत की आपल्याला फारसा फरक वाटत नाही. परंतु ‘मी मरतो आहे’ म्हणून रोज परिचारिकांकडे धाव घेणारे हे लोक धावत येईनासे झाले, हे परिचारिकांच्या ध्यानात आले. सततची चिंता आणि भीतीचा झटका या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात, हा विचार तेथून बळावला आणि १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात भीतीच्या झटक्यांना स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले. १९८७ साली अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली. त्याच जातीची सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम ही औषधे आज चिंतेच्या विकारांवर प्रथम वापरली जातात. मेंदूतील सेरोटोनिन कमी पडल्याने हे विकार होतात, असे पूर्वी सरळपणे सांगत. ते स्पष्टीकरण आज अपुरे ठरले आहे. परंतु गोळी नेमकी कशी काम करते याचा वाद चालू असला, तरी चाचण्यांत ती पुष्कळांना उपयोगी पडते, ही गोष्ट त्या वादाने खोटी ठरत नाही.

यावर काही आक्षेप हटकून घेतले जातात. ‘या गोळ्यांची सवय लागते,’ हा त्यांतला पहिला. येथे दोन निराळ्या औषधांची गल्लत होते. अल्प्राझोलॅमसारखी गोळी तासाभरात शांत करते, आणि तिची सवय खरोखर लागते. वरील जातीच्या औषधांची तशी चटक लागत नाही, मात्रा वाढवत नेण्याची ओढ लागत नाही. ती एकदम बंद केल्यास मात्र चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असा त्रास होतो. म्हणून ती डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावयाची असतात. मौज अशी की, जो गृहस्थ लाजेपोटी डॉक्टरकडे जात नाही, तोच ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय पहिल्या प्रकारची गोळी मिळवतो आणि वर्षानुवर्षे ‘झोपेसाठी’ घेत राहतो. सवयीच्या भयाने औषध टाळणारा असा नेमका सवयीच्या खड्ड्यात जाऊन पडतो.

दुसरा आक्षेप, ‘गोळीने गुण येत नाही, उलट त्रास वाढतो.’ यात अर्धे सत्य आहे. पहिल्या आठवड्यात मळमळते, कधी अस्वस्थता थोडी वाढतेही. म्हणून अल्प मात्रेने आरंभ करतात. खरा गुण दोन ते सहा आठवड्यांनी दिसू लागतो. पुष्कळ जण दहाव्या दिवशी पाकीट फेकून देतात आणि पुढे जन्मभर औषधाची अपकीर्ती सांगत फिरतात. कामेच्छा मंदावण्यासारखे परिणामही होतात. ते सांगण्याचा संकोच वाटतो, पण डॉक्टरला सांगितल्यास मात्रा वा औषध बदलता येते. पंचविशीच्या आतील रोग्यांवर आरंभीच्या काळात विशेष लक्ष ठेवावे लागते, कारण काहींच्या मनात आत्मघाताचे विचार येऊ शकतात. बरे वाटू लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवणे इष्ट असते. हे सारे उघडपणे बोलले गेले, तरच रोग्याला कळणार. कुजबुजीतून कळते ते फक्त भय.

तिसरा आक्षेप आपल्या संस्कृतीच्या नावाने येतो. ‘मनाचे श्लोक म्हणा, प्राणायाम करा, गोळ्या कशाला?’ तंजावर प्रांतात समर्थ संप्रदायाचे मठ आहेत, आणि मनाच्या शिकवणीविषयी मला आदर आहे. मनाशी बोलून मन वळवता येते, हे आधुनिक मानसोपचारही मानतो. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली ती याच विश्वासाने. टाळलेल्या गोष्टींना पायरीपायरीने सामोरे जावयास शिकवणारे उपचार या विकारावर औषधाइतकेच मान्य आहेत. जो डॉक्टर दोन मिनिटांत गोळी लिहून देतो व रोग्याशी बोलत नाही, त्याची बाजू मी घेणार नाही. परंतु बोलण्याच्या उपचाराला भाषा लागते. येथल्या तमिळ डॉक्टरला मी ‘पडपडप्पु’ म्हटले की छातीची धडधड कळते. पण ‘हुरहूर’, ‘धाकधूक’, ‘जीव टांगणीला लागणे’ हे त्याला कोणत्या शब्दांत सांगू? परमुलखात राहणाऱ्या माणसाच्या हाती प्रथम गोळीच येते, कारण गोळीला मातृभाषा नसते. ती घेऊन पाय जमिनीवर टेकले, म्हणजे श्लोकही म्हणता येतात आणि प्राणायामही साधतो.

ज्या तंजावरात आपण मराठीपणाचा अभिमान धरून सरस्वती महाल पाहावयास जातो, तेथील सरफोजी राजांनी (१७९८–१८३२) धन्वंतरी महाल उभारला, देशी व युरोपीय वैद्यकाची सांगड घातली, गुण आलेल्या उपचारांची नोंद ठेवविली, आणि ते ज्ञान तमिळ पद्यांत ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ म्हणून ग्रथित करविले. औषध कोठून आले हे न पाहता त्याने गुण येतो का, हे पाहण्याची ही दृष्टी आपल्याच इतिहासातील आहे. तिचा वारसा सांगावयाचा आणि गोळी मात्र लपवावयाची, हे विसंगत आहे.

लपवण्याच्या मुळाशी ‘वेडा’ या एका शब्दाची दहशत आहे. तिची परिसीमा याच तमिळनाडूत एर्वाडी येथे दिसली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील एका आश्रमाला आग लागली, आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. भीतीच्या झटक्यांचा रोगी आणि ते अभागी जीव यांच्या आजारांत महदंतर आहे. परंतु मनाचा आजार म्हणजे झाकून ठेवण्याची वस्तू, ही समजूत दोहोंकडे एकच. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात चिंता व नैराश्य यांसारख्या सामान्य विकारांच्या रोग्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. याला डॉक्टरांचा तुटवडा कारण आहेच. पण लाज हेही कारण आहे.

आपणा नोकरवर्गाची लाज तर कागदोपत्री आहे. औषधांच्या बिलाची परतफेड मागावी, तर बिल शेजारच्या टेबलावरून जाते, आणि गोळीचे नाव चहाबरोबर साऱ्या शाखेत वाटले जाते. म्हणून लोक पदरचे पैसे भरतात. १९७२ च्या रजा-नियमांनुसार वैद्यकीय दाखल्यात आजाराचे स्वरूप शक्य तितके स्पष्ट लिहावे लागते. म्हणून लोक ‘विषमज्वर’ लिहवून आणतात. बदली झाली की डॉक्टर सुटतो, नव्या गावी पुन्हा पहिल्यापासून सांगण्याचे धैर्य होत नाही, आणि औषध मध्येच तुटते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्याची माहिती गुप्त राखण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले आहे, आणि मनाच्या आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा देण्यास विमा कंपन्यांना बांधले आहे. कायद्याने डॉक्टरचे तोंड बांधले. शाखेतील बंधूंचे कोण बांधणार?

यासाठी मोठ्या सुधारणांची वाट पाहण्याचे कारण नाही. वरिष्ठांनी असे बिल वा दाखला आपल्या हातात बंद पाकिटात घ्यावा, हे आजही शक्य आहे. प्रत्येक गावच्या महाराष्ट्र मंडळाने आपल्या पत्त्यांच्या वहीत नाटकाच्या पडद्याचे भाडे घेणाऱ्याबरोबरच मनोविकारतज्ज्ञाचाही पत्ता ठेवावा. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मंडळाच्या फलकावर लावावा. तेथे मराठीतूनही बोलता येते. बदलीवर निघालेल्या रोग्याने जुन्या डॉक्टरची चिठ्ठी आणि महिन्याभराची औषधे सामानात सर्वांत वर ठेवावीत.

आणि ज्यांना यांपैकी काहीच करणे जमणार नाही, त्यांनी निदान एक करावे. पुढच्या वेळी कोणी सहकारी आपली छाती धडधडते असे सांगू लागला, तर ‘मन खंबीर करा’ हे चार पिढ्यांचे फुकट औषध त्याला देऊ नये. “डॉक्टरांना दाखवलेत का? चला, मी बरोबर येतो,” एवढेच म्हणावे. ज्या धीराचा उपदेश आपण दुसऱ्याला करतो, तो मनोविकारतज्ज्ञाच्या दारात त्याच्या शेजारी बसण्यापुरता जरी आपल्या अंगी असला, तरी पुष्कळ झाले.