घरकुल : अनुदान आणि छप्पर यांमधील अंतर

रायपूर : छत्तीसगडच्या राजकारणात घरकुलाचा प्रश्न किती ज्वलंत आहे, हे जुलै २०२२ मध्ये स्पष्ट झाले. तत्कालीन मंत्री टी. एस. सिंहदेव यांनी पंचायत व ग्रामविकास खात्याची जबाबदारी सोडली. प्रधानमंत्री आवास योजनेसाठी राज्याने निधी दिला नाही, हे त्यांच्या नाराजीचे एक प्रमुख कारण होते. या योजनेच्या ग्रामीण विभागात ६० टक्के खर्च केंद्राचा, तर ४० टक्के राज्याचा असतो. एक वाटा अडला की घरही अडते. सत्तांतरानंतर डिसेंबर २०२३ मध्ये विष्णुदेव साय मंत्रिमंडळाने पहिल्याच बैठकीत १८ लाख घरांचा निर्णय घेतला.

लाखांच्या या आकड्यांपुढे स्वयंसेवी संस्थांचे काम नगण्य ठरते काय?

'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. भारतातील तिचे काम १९८३ मध्ये खम्मम येथून सुरू झाले. महाराष्ट्राला तिची ओळख झाली ती २००६ मध्ये. लोणावळ्याजवळ मळवली परिसरात १०० घरे बांधण्यासाठी अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर वयाच्या ८२ व्या वर्षी स्वयंसेवकांसह आले होते. प्रसिद्धी कार्टर यांना मिळाली. पण खरे महत्त्व संस्थेच्या मूळ पद्धतीला होते. कुटुंबाने स्वतः श्रम करायचे, नफा न घेता दिलेले कर्ज हप्त्यांनी फेडायचे आणि त्या परतफेडीतून पुढच्या कुटुंबाचे घर उभे राहायचे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाची तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाल्यावर अशा संस्थांना देणग्यांचे नवे दालन खुले झाले. त्यातून कामाचा विस्तार होतो, हे खरे. मात्र देणगी एका घरात संपते, तर परतफेड दुसऱ्या घराचा पाया घालते, हा फरक विसरून चालणार नाही.

सरकारी योजनेतील उणीवही नेमकी येथेच आहे. ग्रामीण घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, तर डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. २०१६ मध्ये ठरलेली ही रक्कम २०२४ मध्ये योजनेला मुदतवाढ देतानाही कायम ठेवण्यात आली. दरम्यान बांधकामाचा खर्च वाढला. उरलेली रक्कम उभी करण्यासाठी गरीब कुटुंबाला सावकाराचे दार ठोठवावे लागले, तर पक्के घर पक्क्या कर्जाचे कारण ठरते. शहरांतील अडचण वेगळी आहे. 'मोर जमीन मोर मकान' या नावातच अट दडलेली आहे : ज्याच्या नावे जमीन नाही, त्याला त्या अनुदानातून घर बांधता येत नाही.

स्वल्प दराचे कर्ज, बांधकामावर देखरेख आणि जमिनीच्या कागदपत्रांसाठी साहाय्य या तीन गोष्टी स्वयंसेवी संस्था करू शकतात. सरकारशी संख्येची स्पर्धा करणे त्यांना शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. त्यांच्या वाढीचे मोजमाप किती घरांवर नाव लागले यावरून नव्हे, तर किती अर्धवट भिंतींवर छप्पर चढले यावरून व्हावे.