धसकटांतील पतंग आणि जमीनमालक

भातावरील खोडकिड्याचा पतंग दिसण्यांत अगदीं क्षुल्लक, लांबीनें सुमारें अर्ध्या इंचाचा. मादी पिवळी असून तिच्या प्रत्येक पुढील पंखावर एक काळा ठिपका असतो. नर त्याहून लहान व फिकट तपकिरी. फ्रान्सिस वॉकर या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें १८६३ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. भारतापासून चीन-जपानपर्यंत भाताच्या मुलखांत तो आढळतो. कारण त्याच्या अळीचें अन्न बहुतांशीं भात हेंच एक आहे.

मादी पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचे पुंजके घालून ते पिवळट केसांनीं झांकते. अळी खोडांत शिरून आंतील गाभा खाते. फुटव्याच्या वेळीं शिरली तर मधली सुरळी सुकून ओढतांच हातीं येते. यास गाभेमर म्हणतात. पोटरीच्या वेळीं शिरली तर पांढरीं, पोचट कणसें उभीं राहतात, हेंच पळींज. पळींज दिसल्यावर औषधाच्या दुकानीं धांवणें आमच्या मतें व्यर्थ होय. गेलेला दाणा फवारणीनें भरत नाहीं.

खरा उपाय कापणीपाशीं आहे. अळी धसकटांत दडून पुढील पावसाळ्याची वाट पाहते. म्हणून भात जमिनीलगत कापावें, लगेच नांगरून धसकटें वेंचून नष्ट करावीं. लावणीपूर्वीं रोपांचे शेंडे खुडावे. पतंगांवर नजर ठेवण्यास हेक्टरीं ५ कामगंध सापळे पुरतात. शेंकडा ५ गाभेमर किंवा चौरस मीटरास एक अंडीपुंज दिसल्यावरच औषधाचा विचार करावा.

परंतु पतंगास बांध ठाऊक नाहीं. ठाण्यास टेंभी नाक्यासारख्या वस्तींत राहून शहापूर, मुरबाड वा भिवंडीकडील शेत अर्धेलीनें लावणारे आम्हांपैकीं पुष्कळ आहेत. वांटा घरीं आला कीं मृगापर्यंत त्या शेताकडे कोणी फिरकत नाहीं. आणि तेथील धसकटांतून निघालेला पतंग शेजारच्या कष्टाळू शेतकऱ्याच्या रोपांवर बसतो. पीक अर्धें आमचें, तर नांगरटही अर्धी आमचीच, हा साधा न्याय आहे. कालव्याच्या पाण्यावर दुबार भात होतें तेथें तर पतंगाचें अन्न तुटतच नाहीं. तेथें ही जबाबदारी अधिकच.

यास्तव मालकांनीं आपल्या वांट्याची मजुरी कापणीबरोबरच द्यावी, आणि गांवानें दिवस ठरवून सर्व शेतांतील धसकटें एकदम मोडावीं. ओल आहे तोंच नांगरट झाल्यास त्याच रानांत वालही साधेल.