आधीं पाय, मग हात

अलीकडे आपल्या शाळांतून यंत्रमानव तयार करण्याच्या स्पर्धांचा उत्साह वाढीस लागला आहे, आणि ती आनंदाचीच गोष्ट होय. ह्या स्पर्धांचा उगम परदेशांतला. अमेरिकेंत डीन केमन ह्या संशोधकानें १९८९ सालीं 'फर्स्ट' नांवाची संस्था स्थापिली, आणि १९९२ सालीं न्यू हॅम्पशर येथील एका शाळेच्या व्यायामशाळेंत २८ संघांची तिची पहिली स्पर्धा झाली. आज त्या संस्थेच्या निरनिराळ्या स्पर्धांत भारतांतील शाळाही उतरतात. महाविद्यालयांपुरतें बोलावयाचें तर आशिया-पॅसिफिक देशांची रोबोकॉन स्पर्धा २००८ सालीं पुण्यासच भरली होती, व त्या वर्षींचा खेळ आपल्या दहीहंडीवरून रचिलेला होता. मात्र हें काम ज्या रीतीनें आपल्याकडे हातीं घेतलें जातें, ती रीत मला उलटी वाटते. तेवढेंच सांगण्यासाठीं हा लेख आहे.

यंत्रमानव हें नांव जरा फसवें आहे. शालेय स्पर्धेंतील यंत्रास ना डोकें असतें ना मान. ती चाकांवर चालणारी एक पेटी असते आणि तिला एखादा हात जोडलेला असतो. पण नांवाचा परिणाम असा होतो, कीं खेळ जाहीर होतांच मुलांचें सारें लक्ष त्या हाताकडे लागतें. चेंडू कसा उचलावयाचा, तो उंच कसा फेंकावयाचा, पंजास बोटें किती असावीं, ह्या चर्चेंत आठवड्यांमागून आठवडे जातात. चाकें आणि त्यांवरील सांगाडा, ज्यास मोटारी दुरुस्त करणारे चासी म्हणतात, ह्यांचा विचार अगदीं शेवटीं; तोही बहुधा 'तयार मिळतो, तो आणूं' इतकाच. वऱ्हाड दाराशीं आलें आणि मांडवाचे खांब अजून रोवावयाचे आहेत, अशांतला हा प्रकार. पालकही त्यास हातभार लावतात. प्रदर्शनाच्या दिवशीं ते विचारतात, 'हा काय काय उचलतो?' 'हा सरळ चालतो का?' असें विचारणारा पालक मला अद्याप भेटावयाचा आहे.

माझें मत असें, कीं शाळेच्या संघानें आपला निम्मा तरी वेळ प्रथम चाकें, आंस, साखळी व सांगाडा ह्यांवर खर्च करावा. आणि सांगाडा विकत न आणतां मुलांनीं स्वतःच्या हातांनीं करावा.

'फर्स्ट टेक चॅलेंज' ह्या स्पर्धेचेंच उदाहरण घ्या. आरंभीं यंत्र १८ इंच लांब, १८ इंच रुंद व १८ इंच उंच इतक्या मापांत बसलें पाहिजे. मैदान सुमारें १२ फूट चौरस, आणि खेळ सुमारें अडीच मिनिटांचा. त्यांतील पहिल्या ३० सेकंदांत मुलांनीं नियंत्रकास हात लावावयाचा नाहीं. यंत्रानें पढविल्याप्रमाणें आपलें आपण चालावयाचें. आतां जें यंत्र हातभर जातां बोटभर डावीकडे वळतें, त्याचा पंजा सोन्याचा असला तरी तो चेंडूपाशीं पोंचणार कसा? उलट जें भरंवशानें चालतें, त्याचा हात ऐन वेळीं मोडला तरी तें कांहीं ना कांहीं ढकलीत नेऊन चार गुण मिळवितें. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा लूककृत शुभवर्तमानांतील दृष्टांत मुलांस ठाऊक आहे. येथें खर्च केवळ पैशाचा नसून इंचांचा, वजनाचा व वेळेचाही आहे, एवढेंच मी त्यांस सुचवितों.

हें शास्त्र कांहीं आपणांस परकें नाहीं. बैलगाडींत माल मागें जास्त झाला म्हणजे गाडी उलाळ होते, पुढें जास्त झाला म्हणजे धुरजड होते, हें शेतकऱ्याच्या मुलास कोणीं शिकवावें लागत नाहीं. यंत्रमानवाची गोष्ट तीच. त्याचा हात वर ताणला गेला कीं गुरुत्वमध्य वर सरकतो, व अशा स्थितींत यंत्र एकाएकीं थांबविलें तर तें तोंडघशीं पडतें. म्हणून बॅटरी व मोटरी ह्यांसारख्या जड वस्तु सांगाड्याच्या तळाशीं आणि शक्य तों मध्यावर बसवाव्या.

साखळीचा अभ्यास करावयास तर प्रत्येकाच्या दारांत सायकल उभी आहे. लाटा असलेली जी साखळी आपण तींत पाहतों, ती हॅन्स रेनॉल्डनें १८८० सालीं काढली. मुलांनीं पुढच्या व मागच्या चक्राचे दांते मोजून पायडलाच्या एका फेऱ्यांत मागचें चाक किती वेळां फिरतें, तें काढावें. मग हाच हिशेब यंत्राला लावावा. चाकाचा व्यास १०० मिलीमीटर असेल तर त्याचा परीघ सुमारें ३१४ मिलीमीटर होतो. मोटर मिनिटास ३०० फेरे घेत असेल तर सेकंदास ५ फेरे, म्हणजे यंत्र सेकंदास सुमारें दीड मीटर धांवेल. मोटरीवर १६ दांत्यांचें चक्र आणि चाकावर ३२ दांत्यांचें बसविलें, तर वेग निम्मा होतो व जोर दुप्पट. तो जोरही वाटेल तितका वाढवून चालत नाहीं. रबर व जमीन ह्यांमधील घर्षणाच्या पलीकडे तो गेला, कीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात. त्रैराशिक कशास शिकावयाचें, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यास ह्याहून चांगलें उत्तर मजजवळ नाहीं.

वळण्याची अडचण ह्याहून मौजेची आहे. चार रबरी चाकांचें यंत्र जागच्या जागीं वळतांना चाकें आडवीं घसटतात. सांगाडा लांब व अरुंद असला तर तें मोठ्या कष्टानें, धक्के खात वळतें. आंखूड व रुंद असला तर सहज वळतें. ह्यावर एक साधी युक्ति आहे. सहा चाकें लावावयाचीं आणि मधलीं दोन सुमारें ३ मिलीमीटर खालीं बसवावयाचीं. मग एका वेळीं चारच चाकें भुईस टेंकतात, यंत्राची लांबी जणूं निम्मी होते, आणि वळणें हलकें होतें. कागदावर ही गोष्ट क्षुल्लक दिसते. पण ती प्रत्यक्ष पाहिलेल्या मुलाची मुद्रा पाहण्याजोगी असते.

आतां मेकॅनम चाकांविषयीं. स्वीडनमधील बेंग्ट इलॉन ह्या अभियंत्यानें १९७० नंतरच्या दशकांत हीं काढलीं. ह्यांच्या परिघावर ४५ अंशांत तिरप्या लाटा असतात, त्यामुळें यंत्र खेंकड्यासारखें आडवेंही चालूं शकतें. मोठ्या स्पर्धांतील पुष्कळ नामांकित संघ तीं वापरतात, हें मी नाकारीत नाहीं. पण प्रत्येक चाकास स्वतंत्र मोटर लागते, वजनाची वांटणी बिघडली कीं यंत्र तिरकें जातें, आणि प्रतिस्पर्ध्याच्या रेट्यापुढें तें फारसा टिकाव धरीत नाहीं. पहिल्याच वर्षीं तीं महाग चाकें विकत घेणें म्हणजे बाराखडी न गिरवितां मोडी लिहावयास बसणें होय.

सांगाड्याविषयीं थोडेंच सांगतों. चार पट्ट्या चार बोल्टांनीं जोडल्या म्हणजे चौकट पुरी होत नाहीं. तशी चौकट दाबली असतां पतंगासारखी कलते. कोंपऱ्यांत त्रिकोणी पत्रे मारावे लागतात, कारण बाजू न बदलतां त्रिकोणाचे कोन बदलत नाहींत. मुलें 'बाबाबा कसोटी' म्हणून जें पाठ करतात, तें हेंच. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या कीं सुतार दोन्ही कर्ण मोजून चौकट काटकोनांत आहे कीं नाहीं तें ठरवितो. मुलांनींही तसेंच करावें. चाकाची आंस एकाच बाजूनें धरलेली असेल तर ती हळूहळू वांकते, म्हणून तिला दोन्ही बाजूंनीं आधार द्यावा.

ह्यावर कोणी म्हणतील, कीं वेळ थोडा असतो, सांगाडा तयार आणला तर काय बिघडलें? मोटरी, बेअरिंगें व साखळ्या विकतच घ्याव्या लागतील, हें मलाही मान्य आहे. पण पट्टी कापणें, कानसणें, भोंक बरोबर खुणेवर पाडणें, हीं कामें विकत घेतलीं म्हणजे मुलांच्या वांट्यास उरतें काय? कांहीं ठिकाणीं तर शिकवणीवर्ग पैसे घेऊन सबंध यंत्रच करून देतात. असें यंत्र मैदानांत अडलें कीं मुलें गोंधळून मोठ्यांच्या तोंडाकडे पाहतात. तो देखावा मला फार केविलवाणा वाटतो. पालकांनीं त्यासाठीं कर्ज काढूं नये व वर्गणीही देऊं नये. आणखी एक गोष्ट. संघांत मुली असतात, पण त्यांच्या हातीं तक्ते रंगविण्याचें काम येतें आणि पाना मुलांच्याच हातीं राहतो. साखळीस मुलगा-मुलगी हा भेद ठाऊक नाहीं. पान्याची पाळी सर्वांची लावावी.

आपल्या संघास माझी सूचना अशी. ह्या वर्षीं प्रथम नुसती चाकांची चौकट करावी. हाताच्या वजनाइतक्या विटा तिजवर दोरीनें बांधाव्या, आणि दोन आठवडे ती शाळेच्या ओसरीवर रोज चालवावी. कोणत्या बोल्टाचा नट सैल पडतो, साखळी कोठें उतरते, यंत्र कोणत्या बाजूस ओढतें, तें तारीखवार वहींत लिहून ठेवावें. पंजाची चर्चा त्यानंतर.